चाळीस पानं, तीनदा धुतलेली

बाळकृष्णरावांनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. जे काही वाटोळं केलं ते चांगल्या हेतूनं, सकाळी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून केलं. अशा माणसाला रागवायचं तरी कसं, सांगा. चोराला पकडता येतं, सज्जनाला पकडायला गेलं की तो आपल्यालाच कॉफी पाजतो.

तंजावरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. तालुका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. बायको कमलाक्षी गेली त्याला नऊ. घरात आता तीनच माणसं: ते स्वतः, त्यांची थोरली विधवा बहीण शेषम्मा आणि एकुलती एक मुलगी नंदिता. जेवण रोज केळीच्या पानावर. स्टीलच्या ताटात जेवलं की सांबाराला ताटाची चव येते, असं बाळकृष्णरावांचं म्हणणं, आणि ताटं सोवळ्याची राहत नाहीत असं शेषम्माचं. कारणं वेगळी, पण पानावर दोघांचं एकमत. दुसरं एकमत असं की पानात काही टाकायचं नाही. कढीपत्ता आणि मिरचीचं देठ सोडलं तर बाळकृष्णरावांचं पान जेवणानंतर असं दिसे की परत वाढायला घ्यावं.

नंदिता पीएच.डी. करत होती. कशात, असं कुणी विचारलं की बाळकृष्णराव "केमिस्ट्री" म्हणून मोकळे होत, कारण पुढचं सांगायला त्यांना लाज वाटे. नंदिता केळीच्या पानांपासून कोळशाचे गोळे करत होती. गोळे म्हणजे शेगडीत घालायचे नव्हेत. इतके बारीक की माणसाच्या केसाच्या जाडीत वीस-पंचवीस शेजारी शेजारी बसावेत, आणि सगळे गुळगुळीत, गोल. साड्या रंगवून उरलेल्या पाण्यात ते टाकले की रंग धरून ठेवतात आणि पाणी नितळ होतं, असं तिचं सांगणं.

कृती तिनं आत्याला एकदा समजावून सांगितली होती. पान वाळवायचं, पूड करायची, पाण्यात कालवून टेफ्लॉनच्या भांड्यात भरायची. ते भांडं जाड पोलादी डब्यात ठेवून झाकण स्क्रूनं आवळायचं आणि दोनशे डिग्रीच्या ओव्हनमध्ये एक दिवस एक रात्र ठेवायचं. पाण्याला वाफ होऊन पळायला वाट नाही, त्यामुळे आत दाब वाढतो, पानातलं सेल्युलोज फुटून विरघळतं आणि त्याचेच पुढे गोळे धरतात.

"म्हणजे कुकरच," शेषम्मा म्हणाली. "शिट्टी नसलेला."

"हो, आत्या. तसंच."

"मग एवढी वर्षं का लागतात शिकायला?"

इथवर सगळं ठीक होतं. लाज वाटायची ती पुढची गोष्ट अशी की नंदिताला पानं हवी होती ती ताजी नव्हेत, जेवून टाकलेली. तंजावरात लग्नसराईत एकेका मंडपात दिवसाला हजार-दीड हजार पानं उकिरड्यावर जातात; त्या कचऱ्यातून काहीतरी कामाचं निघावं, हाच तिच्या प्रबंधाचा विषय. चैत्रात तिनं स्वतः तीन पोती पानं गोळा केली, गच्चीवर वाळवली, आणि पहिल्याच घाण्याला असे सुरेख गोळे उतरले की तिचे मार्गदर्शक राममूर्ती सर आठवडाभर तो फोटो मोबाइलवर लोकांना दाखवत होते.

बाळकृष्णरावांनाही अभिमान वाटला. तो पुढच्या लग्नापर्यंत टिकला. कचेरीतल्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. ते पोटभर जेवले, विडा खाल्ला आणि जरा वारा घ्यावा म्हणून मंडपाच्या मागच्या दारानं बाहेर आले. तिथं त्यांची मुलगी, पीएच.डी. करणारी, कमलाक्षीच्या नाकाची आणि त्यांच्या कपाळाची, रबरी हातमोजे घालून दुसऱ्यांची उष्टी पानं पोत्यात भरत होती. पानांतून रसम गळत होतं. बाजूला दोन गायी तिच्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून बघत होत्या. आणि बाळकृष्णरावांच्या शेजारी विडा चघळत उभी होती गल्लीतली वेंकूबाई, जिच्या पोटात गोष्ट राहिली तर तिला अपचन होतं.

"आपली नंदिता ना ती?" वेंकूबाई म्हणाली.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मुलीला नको म्हणायची हिंमत नव्हती. ती एकदा हो म्हणाली की हो, अगदी आईसारखी. सकाळी उठले ते एक युक्ती घेऊनच. नंदिताला म्हणाले, "तू पोती आणून गच्चीवर ठेवत जा. वाळवणं, कापणं, पिशव्या भरणं मी बघतो. मला तरी काय काम आहे?"

नंदिताचे डोळे भरून आले. अप्पा पहिल्यांदाच तिच्या कामात हात घालायला आले होते. हात घातला म्हणजे कसा घातला ते तिला कळायला दोन महिने जायचे होते.

ती आठवड्यातून एकदा, अंधार पडल्यावर, पोती आणून ठेवी. पहाटे बाळकृष्णराव ती नाक धरून गवळ्याच्या स्वाधीन करत. मग कीळवासलच्या बाजारात जाऊन मारिमुत्तू पानवाल्याकडून चाळीस ताजी पानं घेत. घरी आणून ती तीनदा धूत: दोनदा बोअरच्या पाण्यानं आणि शेवटी पिण्याच्या. गच्चीवर पांढऱ्या धोतरावर वाळवत, कात्रीनं सारखे तुकडे करत आणि पिशवीवर तारीख घालून ठेवून देत. पान ते पान, असा त्यांचा हिशेब. त्यातून मुलीच्या प्रयोगाला दुसऱ्याच्या तोंडचं काही लागायला नको. मनातल्या मनात त्यांना वाटे की आपण विज्ञानाचा दर्जा थोडा वाढवलाच आहे.

नंदितानं एकदा पिशवी हुंगून विचारलंही. "अप्पा, आता पूर्वीसारखा वास येत नाही."

"ऊन कडक आहे," बाळकृष्णराव म्हणाले. हे खरंच होतं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

इकडे गल्लीत वेगळंच शिजत होतं. रोज तीन पानं नेणारा माणूस एकदम चाळीस नेतो याचा अर्थ मारिमुत्तूनं आपल्या परीनं लावला आणि गिऱ्हाइकांना सांगितला. वेंकूबाईला तो आयताच मिळाला. बाळकृष्णरावांच्या घरी पंगती उठतायत. म्हणजे बघायला येतायत. म्हणजे नंदिताचं जमलं. आणि आपल्याला बोलावणं नाही. तीन महिन्यांपूर्वी त्यांना लोणच्याची बरणी कुणी दिली होती? देवळात भेटली की ती तोंड फिरवू लागली. निवृत्त हेडमास्तर सत्यनारायण, वय वर्षं ऐंशी, रस्त्यात थांबवून म्हणाले, "बाळकृष्णा, आमंत्रण नको, निदान पेढा तरी?" बाळकृष्णरावांना काही कळेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांना वाटलं, उष्ट्या पानांची गोष्ट गावभर झालीय आणि लोक टोमणे मारतायत. ते मान खाली घालून चालू लागले, तेव्हा गल्लीची खात्रीच पटली.

आणि गोळे होईनात.

पहिला घाणा गेला, नंदिता म्हणाली ओव्हन बिघडलं असेल. दुसरा गेला, तिनं भांडं बदललं. तिसऱ्याला पाणी बदललं, चौथ्याला पुन्हा ओव्हन. पाचव्याला तिनं, विज्ञानाची विद्यार्थिनी असून, पिळ्ळयाराच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात नारळ फोडला. सहावा घाणा उघडला तर आत तेच: काळे, वेडेवाकडे, पानाच्या शिरा अजून दिसणारे तुकडे. गोळा औषधाला नाही.

आषाढ लागला. तमिळ मुलुखात त्याच्या आगेमागे आडी महिना येतो आणि लग्नं बंद होतात. त्या आठवड्यात नंदिता कॉलेजातून आली ती चपला न काढताच तिण्णईवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून राहिली. बाळकृष्णराव कॉफीचा टंबलर घेऊन बाहेर आले.

"सर म्हणाले, ऑगस्टमध्ये समिती बसते," ती म्हणाली. "तोवर तीन वेळा तेच गोळे काढून दाखव. नाहीतर विषय बदलावा लागेल. तीन वर्षं गेली, अप्पा. पहिल्या वेळचा फोटोसुद्धा खोटा वाटायला लागलाय सगळ्यांना. मलासुद्धा."

"होईल गं."

"नाही व्हायचं. मी बँकेची परीक्षा देते."

आता, ती बँकेची परीक्षा हे बाळकृष्णरावांचं पाच वर्षांचं स्वप्न होतं. दर दिवाळीला ते त्या परीक्षेचं पुस्तक तिच्यासमोर ठेवत आणि ती ते परत कपाटात ठेवी. आज तिनं स्वतःहून नाव काढलं, तर त्यांना आनंद होईना. मुलीचा असा आवाज त्यांनी कमलाक्षी गेली तेव्हा ऐकला होता, त्यानंतर आजच.

"नक्की काय बदललंय तेच कळत नाही," नंदिता स्वतःशीच बोलावं तसं बोलत होती. "मंडप तोच, पानं तीच. सरांना वाटतं की पानाला लागलेल्या अन्नाचा काही हात असेल. चिंच आंबट, तिनं सेल्युलोज लवकर फुटत असेल. भाताचं, पायसमचं गोड पाण्यात उतरून त्यावर गोळा धरत असेल. पण अन्न तर आताही लागलेलं आहेच."

बाळकृष्णरावांच्या हातातली कॉफी धोतरावर सांडली. ते आत गेले, देवासमोर उभे राहिले आणि देवाकडे न बघता परत आले.

खरं सांगायला हवं होतं, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड काही लगेच सुटत नाही. दुसऱ्या दिवशी नंदिता कॉलेजात गेल्यावर त्यांनी मारिमुत्तूकडून पानं आणली, गच्चीवर ओळीनं मांडली आणि स्वयंपाकघरातून रसमचं पातेलं उचलून वर नेलं. भात, सांबार, थोडं दही. प्रत्येक पानासमोर उकिडवं बसून ते पळीनं रसम शिंपडत होते आणि बोटानं भात कालवून पसरत होते. तेवढ्यात शेषम्मा वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालायला वर आली. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती महिन्यातून एकदाच गच्चीवर येते, आणि बाळकृष्णरावांचं नशीब असं की ती नेमकी त्याच दिवशी आली.

"काय करतोयस, बाळू?"

"काही नाही, अक्का."

"रसम ओततोयस."

"हो."

"पानांवर."

"हो."

"जेवायला बसलेलं तर कुणी दिसत नाही," शेषम्मा म्हणाली आणि वडामाची परात खाली ठेवून कठड्याला टेकली. म्हणजे आता सगळं ऐकल्याशिवाय ती खाली उतरणार नव्हती.

त्यांनी सगळं सांगितलं. मंडपाचं मागचं दार, गवळी, चाळीस पानं, तीनदा धुणं. "आपल्या घरची मुलगी, अक्का. परक्यांचं उष्टं उचलते. चार लोक बघतात. माझा जीव तुटला."

शेषम्मा थोडा वेळ वडामावरचा कावळा हाकत राहिली. मग म्हणाली, "काल दुपारी तू जेवलास ते पान कुणी उचललं?"

"तू."

"परवा?"

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"कमलाक्षी होती तेव्हा तिनं. तिच्या आधी आईनं. अडुसष्ट वर्षांचा झालास, बाळू. तू हात धुवायला उठतोस तेव्हा मागं पान राहतं, ते काय पंख फुटून उडून जातं असं वाटलं तुला? तेव्हा घरच्या बायका उष्टं काढतात म्हणून जीव नाही तुटला कधी." तिनं परात उचलली. "रात्री पोरीला सांग. आणि ते पातेलं खाली आण, मला दुपारी रसम नाही आता."

रात्री त्यांनी सांगितलं. नंदिता ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग, सुटका, आणि हसू असं काहीतरी एकाच वेळी येऊन एकमेकांना वाट देईना. मग ती उठली आणि वही-पेन घेऊन आली.

"किती पानं म्हणालात?"

"दर खेपेला चाळीस."

"किती वेळा धुतली?"

"तीनदा. दोनदा बोअरच्या पाण्यानं, एकदा पिण्याच्या."

"सहाही वेळा तसंच?"

"एकदाही चुकवलं नाही," बाळकृष्णराव म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात पुन्हा थोडा अभिमान डोकावला. तो त्यांनी लगेच आवरला. "रागावलीस?"

"खूप. आधी लिहू दे."

लिहून झाल्यावर ती रडली, आणि मग रीतसर रागावली. ते बोलणं इथं सांगत नाही, कारण प्रत्येक घरात मुलगी बापाला एकदा तरी तसं बोलते आणि ते घरातच राहिलेलं बरं. शेवटी तिनं मुद्द्याचं विचारलं: आता उष्टी पानं आणायची कुठून? आडीत लग्न नाही, मुंज नाही. हॉटेलांची पानं गवळ्यांनी वर्षाची बोलून ठेवलेली, आणि त्यात प्लास्टिकचे कप नि कोंबडीची हाडं. घरी रसम शिंपडून चालणार नव्हतं. "जेवून टाकलेलं पान असं प्रबंधात लिहिलंय मी. कुणी जेवलंच नाही तर ते खोटं होईल."

"मग जेवायला घालू," शेषम्मा आतून म्हणाली. "चाळीस माणसं. बाळू, यादी कर. सगळ्यात वर वेंकूबाई घाल."

पुढच्या रविवारी पंगत ठरली. बाळकृष्णराव घरोघरी बोलावणं करायला गेले, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कार्य काय? शेषम्मानं शिकवून ठेवलं होतं तसं त्यांनी सांगितलं: जेवायला या, मग सांगतो. लोकांना काय, हवं तेच ऐकू आलं. वेंकूबाई नव्या पट्टूच्या, रेशमी साडीत आली, आणि उंबऱ्यातच विचारती झाली, "मुलगा कुठला?"

"मुलगा नाही," बाळकृष्णराव म्हणाले.

"मग?"

"बसा. पान वाढलंय."

पहिली पंगत ओसरीवर आणि मधल्या घरात, वीस पानं. सांबार, रसम, दोन भाज्या, कोशिंबीर, पुरणपोळी, पायसम. शेषम्मा पहाटे चारपासून उभी होती, आणि हाताला अशी काही चव उतरली होती की कुणी बोलत नव्हतं. बाळकृष्णराव पळी घेऊन ओळीतून फिरत होते आणि त्यांचा जीव खालवर होत होता, कारण मंडळी पानं चाटूनपुसून साफ करत होती. लग्नात पाचशे माणसांत कोण बघतंय म्हणून टाकतात. इथं यजमान डोक्यावर उभा, आणि ज्यांच्या घरची रीतच पानात न टाकण्याची अशी ही जुनी मराठी घराणी. सत्यनारायण मास्तरांचं पान तर आरशासारखं झालं होतं.

"पोट भरलं असेल तर राहू द्या की," बाळकृष्णराव हळूच म्हणाले.

मास्तरांनी चमकून वर पाहिलं. "कमी पडलंय का काही?"

"छे छे. भरपूर आहे. म्हणूनच म्हणतो, थोडं टाका."

"टाका?"

"पानात. बरं असतं."

पंगतीत कुजबुज सुरू झाली. वेंकूबाईनं दुसरी पोळी हातात घेतली होती ती खाली ठेवली आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली की बोलावून मोजून वाढणारी माणसं तिनं या गल्लीत प्रथमच पाहिली. मास्तर दुखावले. "बाळकृष्णा, सत्तर वर्षांत मी अन्नाचा कण टाकला नाही. माझ्या बापानं मला त्यासाठी मारलंय. आणि तू यजमान होऊन टाका म्हणतोस?"

स्वयंपाकघराच्या दारात नंदिता उभी होती. तिच्या हातात रिकामी पोती होती आणि तोंडावरचा रंग उतरत चालला होता. वीसमधली सतरा पानं साफ होती. बाळकृष्णरावांनी तिच्याकडे पाहिलं, पळी खाली ठेवली, आणि निवृत्तीच्या समारंभातसुद्धा ज्यांना चार वाक्यं धड बोलता आली नव्हती ते ओसरीच्या मधोमध उभे राहिले.

"मुलगा कुठलाच नाही," ते म्हणाले. "लग्न ठरलेलं नाही. माझी मुलगी उष्ट्या पानांपासून कोळशाचे गोळे करते, त्यानं घाण पाणी साफ होतं. मंडपामागं उभी राहून ती पानं गोळा करायची. वेंकूबाईनं पाहिलंय. मला लाज वाटली. म्हणून मी दोन महिने तिची पानं फेकून देत होतो आणि ताजी पानं धुवून ठेवत होतो, आणि तिला सांगत नव्हतो. तिचे सहा प्रयोग मी बुडवले. आता तिला तुमचं उष्टं पाहिजे. मला पाहिजे. एवढंच कार्य आहे."

मग मास्तरांनी घसा साफ केला.

"शेषम्मा," त्यांनी हाक मारली, "रसम आण गं पुन्हा. भातही." वाढून झाल्यावर त्यांनी नंदिताकडे पाहिलं. "किती टाकू? काही प्रमाण आहे का?"

"लग्नात टाकता तसं, मास्तर."

"लग्नात मी टाकत नाही."

"मग इतर लोक टाकतात तसं."

मास्तरांनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला हात थांबवला आणि डोळे मिटून, जेवण संपल्याची खूण म्हणून, पान आपल्याकडे दुमडलं. बापाची छडी आठवली असावी. त्यानंतर पंगतीला ऊत आला. ज्यानं त्यानं पुन्हा वाढून घेतलं आणि टाकलं. कुणी पायसम टाकलं, कुणी भाजी. वेंकूबाईनं एक अख्खी पुरणपोळी तुपासकट पानात ठेवली आणि सुस्कारा सोडला. "शिक्षणासाठी," ती म्हणाली. "नाहीतर ही पोळी मी सोडली नसती."

पंगत उठली. नंदिता पोतं घेऊन पुढे झाली, तर बाळकृष्णराव आडवे आले. "तू नोंद घे. कुठलं पान, काय राहिलंय ते. उचलतो मी."

पहिलं पान वेंकूबाईचं. ते वाकले. हात पुढे गेला आणि एक क्षण तसाच हवेत राहिला. अडुसष्ट वर्षांची सवय हाताच्याही अंगात असते. मग त्यांनी पान उचललं. रसम मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. दुसऱ्या पानाला त्यांनी थांबून विचार केला नाही, आणि दहाव्याला त्यांना फक्त कंबर जाणवत होती. दोन पंगतींची चाळीस पानं त्यांनी एकट्यानं उचलली आणि मोठी माणसं हात धुवायचं विसरून बघत राहिली. मास्तर म्हणाले, प्रयोग ठीक, पण स्वतः उचलतोय म्हणजे काही नवस असणार.

तीन घाणे लागले. शेवटचा समितीच्या चार दिवस आधी उघडला. त्या दुपारी नंदिता धावतच घरी आली आणि मोबाइल अप्पांच्या नाकासमोर धरला. मोठ्या भिंगाखालचा फोटो. मोहरी सांडावी तसे गोळे, एकाला एक चिकटून, सगळे गोल. तिन्ही वेळा तेच.

"आणि सर काय म्हणाले माहीत आहे?" ती धापा टाकत म्हणाली. "ते तुमचे सहा घाणे. धुतलेल्या पानांचे. म्हणाले, हाच तर खरा पुरावा. नुसत्या स्वच्छ पानांचे या उष्णतेला गोळे होत नाहीत, उष्ट्यांचे होतात. तुलनेला असं काहीतरी लागतंच, ते आपण केलंच नव्हतं. एवढ्या काटेकोरपणे सहा वेळा पानं धुणारा माणूस तुला मिळाला कुठून, असं विचारत होते."

"तू काय सांगितलंस?"

"घरचाच आहे म्हटलं." ती हसली. "राग गेलेला नाही अजून. दोन महिने होते ते माझे."

"नको जाऊ देऊस," बाळकृष्णराव म्हणाले. "राहू दे थोडा."

ती परत कॉलेजात पळाली. बाळकृष्णराव जेवले, आणि पंगतीपासूनच्या नव्या रिवाजाप्रमाणे स्वतःचं पान स्वतः उचलून मागच्या अंगणात टाकून आले. एरवी ते मग तिण्णईवर जाऊन आडवे होत. आज स्वयंपाकघराच्या दाराशीच स्टूल घेऊन बसले. शेषम्मा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागून, एकटीच, भिंतीकडे तोंड करून जेवत होती. जेवली, पान दुमडलं आणि उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकला. गुडघा वाजला. तेवढ्यात बाळकृष्णरावांनी वाकून तिचं पान उचललं.

"अरे," ती म्हणाली, "तो प्रयोग संपला ना?"

"संपला."

"मग हे कशाला?"

ते पान घेऊन मागच्या दारानं गेले. शेषम्मा तशीच बसून राहिली. सत्तरी उलटली होती. तिचं पान दुसऱ्या कुणी उचलल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि अशा वेळी माणसानं काय करायचं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. ते परत आले तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती. त्यांना बघताच तिनं आवाज कडक केला.

"पान उचललं की खालची जागा ओल्या फडक्यानं पुसायची असते, बाळू. तेवढ्यानं होत नाही."

"पुसतो," बाळकृष्णराव म्हणाले आणि स्वयंपाकघरात फडकं शोधू लागले. मोरीजवळ पाहिलं, कट्ट्याखाली पाहिलं, दारामागं पाहिलं. अडुसष्ट वर्षं त्या घरात राहून ते कुठं असतं हे त्यांना माहीत नव्हतं.